यजमान डायलिसिसवर असताना मी गजरा माळू का?

पत्र थोडक्यात : तासगाव तालुक्यातल्या ५२ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिस असतं. पहाटेची एसटी, चार तास मशीन, दुपारी परत. द्राक्षबाग आता धाकटे दीर बघतात. मुलगी बंगळुरूला, मुलगा सांगलीत नोकरीला. सुरुवातीचे महिने ताई डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर बसून काढत. मग त्या समोरच्या टपरीवर जाऊन आल्याचा चहा आणि खारी घेऊ लागल्या, शुक्रवारी फुलवालीकडून गजरा घेऊ लागल्या. एका शुक्रवारी भेटायला आलेल्या ननंदबाई तो गजरा पाहून चार माणसांत म्हणाल्या, "भाऊ तिकडं मशीनला लावलाय आणि हिला नटायचं सुचतंय." त्या दिवसापासून टपरी बंद, गजरा बंद. यजमानांना पाणी मोजून मिळतं, म्हणून घरीही ताई ओट्याशी पाठ करून उभ्याउभ्याच चहा संपवतात. झोप उडाली आहे. मागच्या आठवड्यात यजमानांनी अर्धा ग्लास पाणी जास्त मागितलं, तेव्हा त्या एवढ्या ओरडल्या की शेजारीण धावत आली. मुलगी सुगंधी मेणबत्त्या आणि तेलं पाठवते, "आई, स्वतःसाठी वेळ काढ" म्हणते. ती खोकी कपाटात तशीच आहेत. ताई विचारतात, घरात एवढं चालू असताना मला चहाची, फुलांची ओढ लागते, म्हणजे माझ्या मायेतच काही कमी आहे का? आणि हे दिवस सरेपर्यंत मन मारून राहायला हवं ना?

प्रिय ताई,

तुमच्या मायेत काहीही कमी नाही. दीड वर्ष आठवड्यातून तीन वेळा पहाटे उठून, डबा करून, एसटी गाठून तुम्ही त्यांच्याबरोबर जाता आहात. त्या सगळ्यात एक चहा आणि एक गजरा तुम्हाला हवासा वाटला, तर त्याची शरम वाटायचं कारण नाही. गजरा माळा. पण एवढं लिहून मी थांबले तर तुम्ही तो एकदा माळाल आणि पुढच्या वेळी कुणी काही बोललं की पुन्हा सोडाल. म्हणून त्यामागचं थोडं बोलू.

तुमच्या पत्रात एक हिशेब दडलेला आहे. यजमान सोसताहेत, तेव्हा मीही सोसलं पाहिजे. मी जेवढं सुख घेईन तेवढा त्यांच्या दुःखाचा अपमान. आपल्याकडे पुष्कळ बायकांच्या मनात हा हिशेब लहानपणापासून बसवलेला असतो. घरात कुणी आजारी असलं की बाईनं तेल-फणी सोडायची, चांगलं पातळ नेसायचं नाही, कुणाच्या बारशाला गेलं तरी लवकर उठायचं. तुम्ही स्वतःला एकच विचारा. तुम्ही चहा सोडला, त्यानं त्यांची तहान थेंबभर तरी कमी झाली का? गजरा सोडला, त्यानं त्यांच्या हातातली सुई कमी टोचली का? त्यांचं काहीच हलकं झालं नाही. तुमची झोप मात्र गेली आणि त्या अर्ध्या ग्लासावरून तुमचा आवाज चढला. म्हणजे तुम्ही जे सोडलंत, त्याची किंमत शेवटी त्यांनाही मोजावी लागली.

दुसरं आहे ते "हे दिवस सरेपर्यंत". ताई, इथे मला जरा स्पष्ट बोलावं लागेल. डायलिसिस किडनीचं काम करतं, किडनी बरी करत नाही. दीर्घकाळच्या आजारानं निकामी झालेल्या किडन्या सहसा पूर्ववत होत नाहीत. प्रत्यारोपण झालं नाही, तर डायलिसिस चालूच ठेवावं लागतं. बरीच माणसं त्यावर अनेक वर्षं काढतात, घरात वावरतात, नातवंडं खेळवतात. म्हणजे तुम्ही ज्याला मधला काळ समजून मन मारून बसला आहात, तोच तुमचा आणि त्यांचा रोजचा संसार आहे. पंधरा दिवसांच्या टायफॉइडमध्ये मन मारून चालतं. वर्षानुवर्षांच्या आजारपणात ते कुणाच्यानं होत नाही, आणि कुणी करायचा प्रयत्न केलाच तर त्या माणसाची चिडचिड घरात सगळ्यांना सोसावी लागते.

हे मी नुसतं समजूत घालायला म्हणत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एड्स झालेल्या जोडीदारांची घरी सेवा करणाऱ्या पुरुषांचा दीर्घ अभ्यास केला. एड्सवर परिणामकारक औषधं तेव्हा नुकती कुठे येऊ लागली होती; त्यातल्या अनेकांचे जोडीदार त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. संशोधक त्यांना त्रासाबद्दल, ताणाबद्दल विचारत. तेव्हा त्या माणसांनीच सुरुवातीला सांगितलं, की तुम्ही फक्त वाईटच विचारता, आम्हाला तगवून धरणाऱ्या चांगल्या गोष्टीही विचारा. मग तसा प्रश्न घातला गेला, आणि जवळजवळ प्रत्येक जण काही ना काही सांगू लागला : मन लावून केलेला स्वयंपाक, मित्राबरोबरची संध्याकाळ, कुणी केलेलं कौतुक, वाटेत दिसलेलं फूल. फोकमन बाईंनी १९९७ साली हे मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की पराकोटीच्या दुःखातही माणसाच्या मनात बरं वाटण्याला जागा असते, दोन्ही एकाच काळात नांदतात, आणि ते बरं वाटणं माणसाला पुढचा दिवस निभवायला बळ देतं. सात समुद्रापलीकडच्या त्या माणसांना फूल लागलं. तुम्हालाही फूलच लागलं. यात मला नवल वाटत नाही.

आता तुमच्या घरातला चहा. पत्रातलं हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं, ओट्याशी पाठ करून चहा पिणं. तुम्हाला वाटतं त्यांना दिसत नाही. पण आलं ठेचल्याचा आवाज येतो, उकळी फुटल्याचा वास घरभर होतो. आपल्या आजारपणामुळे बायको चोरून चहा पिते आहे, हे त्यांना कळत असणारच, आणि ते तहानेपेक्षा जड असू शकतं. तुम्ही त्यांना एकदा तरी विचारलंत का, की मी तुमच्यासमोर चहा घेतला तर चालेल का? पत्रात तसं कुठे नाही. कदाचित ते म्हणतील, नको, मला बघवत नाही. मग अंगणात बसून घ्या, पण बसून आणि सांगून. माझा अंदाज मात्र असा, की ते "घे की" म्हणतील.

बहुतेक वेळा त्यांनाही थोडा चहा घेता येतो, फक्त तो दिवसाच्या पाण्याच्या मापात धरावा लागतो. किती पाणी चालेल हे लघवी किती होते आणि दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढतं, यावर डॉक्टर ठरवतात, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. डायलिसिस केंद्रातली जुनी मंडळी एक सोपी गोष्ट करतात. सकाळी एका बाटलीत दिवसाचं माप भरून ठेवायचं. चहा, ताक, आमटीचं पाणी, जे काही पातळ पोटात जाईल तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. बर्फाचा खडासुद्धा पाण्यातच धरायचा. ही बाटली त्यांच्या ताब्यात द्या. आज पाण्यावर पहारा तुम्ही देताय, म्हणून मागणारे ते आणि नाही म्हणणाऱ्या तुम्ही. बाटली त्यांच्या हातात गेली, की सकाळी अर्धा कप चहा घ्यायचा की दुपारी दोन घोट गार पाणी ठेवायचं हे ते ठरवतील. ज्या माणसानं तीस वर्षं बागेचं पाणी ठरवलं, त्याला स्वतःच्या घोटाचा तरी निर्णय घेऊ द्या. तहान कमी व्हायला मिठाचा हात आखडता ठेवा. लोणचं, पापड, फरसाण पोटात गेलं की पाणी मागितलं जाणारच. तोंड कोरडं पडलं की चूळ भरून टाकली तरी बरं वाटतं. कमी मीठ म्हणून बाजारात मिळणारं पर्यायी मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका, त्यात बहुधा पोटॅशियम असतं आणि ते अशा रुग्णाला धोक्याचं ठरतं.

मग सकाळी दोन कप घ्या, एक तुमचा नेहमीचा, एक छोटा त्यांचा. चांगला चहा करा, गवती चहाची पात चुरगळून घाला. आणि दोघं बसा.

त्यांच्या आरामाबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिलेली नाही. पथ्य, इंजेक्शन, रिपोर्ट, सगळं आहे. त्यांना बरं कशानं वाटतं ते नाही. मशीनवर असताना पुष्कळांना थंडी वाजते. घरची जुनी, धुऊन मऊ झालेली गोधडी पिशवीत टाका, दवाखान्याच्या चादरीपेक्षा तिची ऊब वेगळी. फक्त सुया टोचलेला फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून घेतलेला हात, झाकू नका, तो सिस्टरना सतत दिसायला हवा. कानात घालायच्या वायरीवर त्यांना आकाशवाणी सांगली लावून द्या. अंग कोरडं पडून खाज येत असेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री साधं खोबरेल लावा, पाय चेपून द्या. फिस्टुलाचा हात तेवढा सोडा. आणि बाग! बागाईतदाराला आज बेदाण्यालाही हात लावता येत नाही, पोटॅशियममुळे. निदान बाग तरी बघू द्या. ज्या दिवशी डायलिसिस नसतं, त्या दिवशी ऊन कललं की बांधावर खुर्ची टाका. ऑक्टोबरच्या फळछाटणीत दिरांना सांगा, की काडीवर कोंबाचा डोळा कुठे राखायचा ते दादांना विचारून करा. त्यांना खरंच विचारण्यासारखं येतं, हे दिरांनाही ठाऊक असेल.

आता ते चार तास. हे चार तास तुम्ही बाकावर बसून काय राखता? मशीन तंत्रज्ञ बघतात, रक्तदाब सिस्टर बघतात. तुम्ही जवळपास असणं मात्र गरजेचं आहे; डायलिसिस चालू असताना कधीकधी रक्तदाब एकदम उतरतो, पायात गोळे येतात. म्हणून सुरुवातीला थांबा, सगळं सुरळीत लागू द्या, शेवटचा तास पुन्हा आत या. तुमचा मोबाइल नंबर कागदावर लिहून सिस्टरच्या टेबलावर द्या. मधला वेळ तुमचा. आणि हे यजमानांना सांगून करा. "मी खाली चहाला जाते, तासाभरात येते," एवढंच.

मिरजेत आहात म्हणून एक सुचवते. जवळ असेल आणि पाय चालत असतील, तर कधीतरी सतारमेकर गल्लीत जा. पिढ्यान् पिढ्या सतार आणि तंबोरे करणारी घरं तिथे आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर भागातून आलेले मोठाले भोपळे वाळून दुकानात टांगलेले असतात, कुणी लाकूड तासत असतो, कुणी जवारी लावताना, म्हणजे तारेला गुंजता सूर यावा म्हणून घोडी घासताना, एकच तार पुन्हा पुन्हा छेडून कान देत असतो. विकत काही घ्यायचं नाही, गाण्यातलं काही कळायची गरज नाही. दहा मिनिटं उभं राहून ती तार ऐकायची. दवाखान्याच्या मशीनचे गजर दिवसभर ऐकलेल्या कानाला दुसरं काही ऐकायला मिळणं, हे फार मोठं आहे. नाहीतर टपरी आहेच.

गजऱ्याबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. काही डायलिसिस विभागांत आत फुलं चालत नाहीत, संसर्गाच्या आणि वासाच्या कारणानं. सिस्टरना विचारून घ्या. नाही म्हणाल्या तर परत निघताना घ्या. ओल्या पानात बांधून दिलेला गजरा एसटीच्या तासाभराच्या प्रवासात वेणीत असला, की उन्हाचा तो प्रवास निराळा होतो. थंडीत मोगरा महागतो, तेव्हा शेवंती घ्या, अबोली घ्या. वार ठरलेला असू द्या. बरं वाटायला लागलं की घेईन, असं म्हणू नका. पीटर लेविन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात उदासीवर काम करताना हेच दाखवलं, की मन खचलं की माणूस आवडीच्या गोष्टी सोडतो आणि त्या सोडल्यानं मन आणखी खचतं. म्हणून मन लागायची वाट न पाहता आधी ती गोष्ट करायला घ्यायची, मन मागून येतं. पहिले दोन-तीन शुक्रवार गजऱ्याचा वास तुम्हाला काहीच सांगणार नाही. तरी घ्या. बागेला ठिबक जसं रोज थोडंथोडंच पाणी देतं, पण चुकवत नाही, तसं हे आहे. वर्षातून एकदा चार दिवसांच्या सहलीला जाण्यापेक्षा रोजचा बसून घेतलेला चहा जास्त उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे.

लेकीच्या मेणबत्त्यांचं ओझं वाटून घेऊ नका. तिला दूर बसून काहीतरी करायचं आहे आणि काय करावं ते कळत नाही, म्हणून ती खोकी पाठवते. तिला काय हवं ते सांगा. "रोज रात्री साडेआठला फोन कर आणि दहा मिनिटं आजाराबद्दल काही विचारू नकोस, तुझ्या ऑफिसातलं सांग." किंवा "दिवाळीनंतर आठवडाभर ये आणि सगळ्या खेपा तू कर." तुम्हाला विसावा कशानं मिळतो हे तिला कसं कळणार, तुम्ही सांगितल्याशिवाय? आणि इतर वाचकांनाही सांगते, हातातला मोबाइल सरकवत राहणं यात धरू नका. त्यात तास जातो, पण उठल्यावर ताजं वाटत नाही. नाकाला, जिभेला, कानाला, हातांना काही मिळालं पाहिजे : मऊ भातावर तूप-मेतकूट, उन्हात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, शेजारणीबरोबर शेंगा फोडत बसणं. अंथरुणाला खिळलेल्या आईला सांभाळणारे एक गृहस्थ मला लिहितात, की संध्याकाळी अर्धा तास पारावर बुद्धिबळाचा डाव मांडायलाही त्यांना चोरटं वाटतं. म्हणजे हा हिशेब फक्त बायकांच्याच डोक्यात असतो असं नाही. त्यांनाही मी हेच सांगितलं, की वेळ ठरवा, घरी सांगा आणि जा.

मात्र एक गोष्ट मला डाचते आहे. मुलगा सांगलीत आहे. सांगली-मिरज म्हणजे जेमतेम दहा किलोमीटर. पत्रात तो एकदाही दवाखान्यात आलेला दिसत नाही. चहा-गजऱ्यानं तुमचं मन टिकेल, पण आठवड्याच्या तीन खेपांचा शीण त्यानं जाणार नाही. तो शीण फक्त कुणीतरी वाटून घेतल्यानं जातो. महिन्यातून दोन खेपा मुलानं करायच्या, रजा टाकून का होईना. त्याला "जमलं तर बघ" म्हणू नका, तारीख सांगा. दिरांचं बागेत अडकणं समजण्यासारखं आहे, पण छाटणी-विरळणीचे दिवस सोडून एखादी खेप त्यांनाही जमेल.

आणि ननंदबाई. त्या बोलल्या ते चुकीचंच, आणि चार माणसांत बोलल्या ते जास्त चुकीचं. पण त्यांचा भाऊ आहे तो. मशीनच्या नळ्यांतून वाहणारं भावाचं रक्त त्या दिवशी त्यांनी बहुधा पहिल्यांदा पाहिलं असेल. ती भीती त्यांच्या तोंडून तुमच्यावर निघाली असावी. त्यांच्याशी भांडू नका, खुलासेही देत बसू नका. त्यांना काम द्या. फोन करून म्हणा, "वन्सं, तुम्हाला भावाची काळजी वाटते ते मला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात एक दिवस तुम्ही त्यांच्याबरोबर मिरजेला जाल का? त्यांनाही बहिणीशी बोलायला मिळेल." आल्या तर चार तास बाकावर बसणं म्हणजे काय ते त्यांना कळेल. नाही आल्या, तरी तुमच्या वेणीबद्दल बोलायला पुन्हा कचरतील. त्या जातील त्या दिवशी तुम्ही घरी थांबा, झोपा.

त्या ओरडण्याबद्दल यजमानांशी एकदा बोलून घ्या. "मी थकले होते, तुमच्यावर राग नव्हता" एवढं पुरे. त्यांनाही काही बोलायचं असेल तर ते बोलतील.

झोपेचं मात्र हलक्यावारी नेऊ नका. चहा, फुलं, गाणं, सगळं सुरू करूनही दोन आठवडे झोप लागली नाही, कशातच गोडी वाटली नाही, सारखं रडू येत राहिलं किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं, तर ती गोष्ट गजऱ्याच्या आवाक्यातली नाही. यजमानांच्या डॉक्टरांनाच "मला झोप नाही" म्हणून सांगा, ते योग्य ठिकाणी पाठवतील. सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या नंबरवर आहे, फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटलं, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा. पेशंट मी नाही, मग मी कशाला फोन करू, असं तुमच्या मनात येईल. आजाऱ्याला सांभाळणाऱ्यांनीही तिथे बोलायला हरकत नाही.